मी केलो

गेल्या वर्षी बेळगावात पाऊस लागला तेव्हा माझ्या कादंबरीच्या दहा प्रकरणांचे संपादन पुरे झाले होते, आणि दसऱ्याला गणपत गल्लीत झेंडूचे ढीग लागले तेव्हाही ती दहाच होती. मधल्या चार महिन्यांत अकराव्या प्रकरणाची एकही ओळ मला धड ठेवता आली नाही आणि धड काढताही आली नाही. रोज सकाळी पूजा आटोपली की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसत असे, कागदांची गड्डी पुढे ओढून पान २०७ काढत असे, आणि साडेअकराला स्वयंपाकासाठी उठताना ते पान तसेच पुन्हा गड्डीत सारत असे. लिहिताना अडण्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा कोऱ्या कागदाविषयी असते. लिहून झालेल्या, टंकून झालेल्या, चार जाणत्यांनी बरा म्हटलेल्या मजकुरापाशी लिहिणारा अडतो तेव्हा काय होते, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या खर्ड्याच्या वेळी अडले तर निदान काय कमी आहे ते कळते. पुढचा प्रसंग सुचत नाही, एखाद्या धंद्याची माहिती अपुरी पडते, पात्राचे वय आणि साल जुळत नाही; मग माणूस उठतो, चार ठिकाणी विचारून येतो आणि काम पुढे सरकते. संपादनात मात्र सगळे हजर असते. वाक्ये शुद्ध असतात, प्रसंग क्रमाने आलेले असतात, तरीही पान वाचताना असे वाटत राहते की घरात भांडीकुंडी जागच्या जागी आहेत आणि माणसे तेवढी गावाला गेली आहेत. मला काय खुपते आहे ते दाखवता येत नव्हते, त्यामुळे ते दुरुस्तही करता येत नव्हते, आणि शेवटी दोष माझ्यातच असणार या समजुतीपर्यंत मी येऊन पोचले होते.

कादंबरी माझ्या आत्यावर आहे. आमचे मूळ घर येळ्ळूरचे, राजहंसगडाच्या पायथ्याचे, भाताचे गाव. तिथली ही मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली, आणि भाताच्या वासातून एकदम तंबाखूच्या वासात पडली. निपाणी बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटर, पुणे-बंगळूर महामार्गावर. आत्या आधी तंबाखूच्या वखारीत जात असे. तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर पाला चाळायचा, आणि घरी आल्यावरही रात्रभर शिंका आणि खोकला. पुढे खोकला हटेना म्हणून तिने घरी बसून विड्या वळायला घेतल्या. कादंबरीची पहिली दहा प्रकरणे भाची सांगते, म्हणजे बव्हंशी मीच. अकरावे प्रकरण आत्या स्वतः सांगते, आणि ते १९८१ सालातले आहे. त्या वर्षी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला होता, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबाराने ते आंदोलन मोडले. या सगळ्याच्या अगदी शेजारी, एका खोलीत, एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे, एवढेच ते प्रकरण. मूळ वहीत ते चौदा पानांचे होते. संपादनात ते वाढत वाढत एकतीस पानांचे झाले होते.

अडल्यावर जे उपाय करतात ते मी सगळे केले. प्रकरणातल्या प्रत्येक प्रसंगाची एकेक चिठ्ठी करून कपाटाच्या दारावर चिकटवली आणि क्रम बदलून पाहिला. अकरावे बाजूला ठेवून बारावे तपासायला घेतले, पण बाराव्यात आत्याच्या तोंडी एक वाक्य आले की हात पुन्हा थांबे. मजकूर मोठ्याने वाचला. हा उपाय मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, आणि तो खरोखर चांगला आहे, कारण डोळा जिथे सवयीने पुढे सरकतो तिथे जीभ अडखळते. पण या प्रकरणात जीभ कुठेच अडखळत नव्हती. आकाशवाणीवरचे निवेदन असावे तशी घसरत पुढे जात होती. तीच खूण होती, पण मला ती तेव्हा वाचता आली नाही. घरात बसवेना तेव्हा मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागले. १८४८ पासूनची ती संस्था आहे, आणि तिथे बसले की आपल्याआधी या गावात किती जणांनी मराठी वाचली याचा आधार वाटतो. वडिलांनी १९८१ साली कापून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे मी तिथे घेऊन जात असे. त्या कात्रणांतले तपशील मी आत्याच्या तोंडी घालत गेले: सभा, मागण्या, भाव, पुढाऱ्यांची भाषणे. प्रकरण फुगत गेले, आणि आत्या त्यात दिसेनाशी झाली.

नोव्हेंबरात मी निपाणीला गेले. आतेभाऊ आजारी होता, त्याला पाहायला म्हणून गेले. कादंबरी मनात नव्हती. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसने फुकट जाता येते, तेव्हापासून या मार्गावरच्या बस बायकांनी भरलेल्या असतात. कंडक्टर ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट हातात देतो. संकेश्वर गेले, तवंदीचा घाट लागला, आणि तोवर माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघी एकीच्या जावेविषयी बोलत होत्या. बोलणे मराठीत चालले होते, मध्येच कन्नडमध्ये जात होते आणि परत येत होते. कुठे ओलांडले हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हते.

वहिनी अजून विड्या वळतात. त्यांचे माहेर खानापूर तालुक्यातले, म्हणजे बोली आत्याचीच. मी गेले तेव्हा त्या दारातल्या उजेडाला बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. पाने रात्री भिजवून ठेवावी लागतात, नाहीतर ती वळताना फाटतात. कातरीने कापलेले पान डाव्या हातावर, त्यावर चिमूटभर जर्दा, अंगठ्याने एक वळण, तोंड नखाने आत मोडायचे, आणि दोऱ्याचे दोन वेढे. हे सगळे वहिनी माझ्याकडे पाहत पाहत करीत होत्या. मजुरी हजारावर मिळते, आणि मुकादम वाईट विड्या छाटून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत.

"बसा की वन्सं," त्या म्हणाल्या. "एवढं सूप पुरं करतो आणि च्या टाकतो."

मी म्हटले, राहू दे, घाई नाही.

"काल नऊशेच केलो. त्यांचं डॉक्टरचं होतं न्हवं. आज हजार करून उठतो."

मी चहा घेतला, भावाशी बोलले, संध्याकाळच्या बसला बसले. ते "केलो" कानात राहिले होते. हत्तरगीच्या आसपास, बाहेर अंधार पडत असताना, मला आठवले की माझ्या वहीत आत्याचे पहिले वाक्य हेच होते. "हजार विड्या केलो त्या दिवशी, आणि मुकादमच आला न्हाई."

घरी पोचल्यावर मी लुगड्याच्या घडीत ठेवलेल्या मूळ वह्या काढल्या. वहीत वाक्य तसेच होते. टंकलिखितात, पान २०७ वर, ते असे होते: "त्या दिवशी मी हजार विड्या वळल्या, परंतु मुकादम आलाच नाही."

हा बदल मीच केला होता. प्रकाशकांकडच्या वाचकांनी पहिला खर्डा वाचून अतिशय आस्थेने सूचना केल्या होत्या, आणि त्यांत एक अशी होती की भाषेत एकसारखेपणा आणावा, विशेषतः स्त्रीपात्राच्या तोंडी पुल्लिंगी क्रियापदे आल्याने वाचक गोंधळेल. मला ती सूचना पटली होती. मे महिन्यात दोन संध्याकाळी संगणकावर बसून मी "केलो"चे "केले", "उठलो"चे "उठले" आणि "जातो"चे "जाते" करीत गेले. काम सोपे वाटले, कारण आयुष्यभर मी तेच केले होते.

आमच्या भागातल्या बोलीत बायकासुद्धा "मी येतो", "मी जातो", "मी उठलो" म्हणतात. कोल्हापूरकडेही म्हणतात. कन्नडमध्ये स्वतःविषयी बोलताना क्रियापदाला लिंग नसते; बाई असो की पुरुष, दोघेही "नानु बरुत्तेने" म्हणतात. त्याचे आणि याचे नाते काही असो, आमच्या कानांना त्यात खटकण्यासारखे काही नाही. "केलो" ही त्याहून पुढची गोष्ट आहे. प्रमाण मराठीत "मी हजार विड्या वळल्या" असे वाक्य होते, आणि त्यात क्रियापद विड्यांच्या मागे जाते. विड्या स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून "वळल्या". वळणारी बाई होती की पुरुष, एक होती की दहा, क्रियापदाला त्याचे काही नाही. आत्याच्या बोलीत "मी हजार विड्या वळलो". तिथे क्रियापद विड्यांकडे बघतच नाही, ते करणाऱ्याला धरून राहते. कन्नडमध्येही असेच होते. "माडिदे" म्हटले की "मी केले" यातला मी त्या शब्दातच असतो.

त्या रात्री हे मी व्याकरण म्हणून पाहिले नाही, एकतीस पानांचा हिशेब म्हणून पाहिले. जी बाई वखारीत, घरात, मुकादमापुढे कुठेच मोजली गेली नाही, ती स्वतःच्या क्रियापदात तेवढी होती. मी तिला तिथून उठवले आणि तिच्या जागी विड्या बसवल्या. त्यानंतर तिच्याने बोलवेना, आणि तिचे बोलणे थांबल्यामुळे जी पोकळी पडली ती मी कात्रणांनी भरत बसले. चार महिने मी ज्याला माझे अडणे समजत होते, ते तिचे गप्प होणे होते.

हे लिहिताना मला पाचवीतली एक मुलगी आठवते आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुढे जाणार नाही. मी आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. "माझी सुट्टी" या निबंधात तिने लिहिले होते, "मी आईला भात लावायला मदत केलो. मी बेडूक बघितलो. बेडूक मला बघितला." मी "केलो"वर लाल रेघ मारली, "बघितलो"वर मारली, शेवटच्या वाक्यालाही मारली, आणि वर्गात तिला उभे करून म्हटले, "मुलगी आहेस ना? मग केलो काय म्हणतेस?" वर्ग हसला. पुढचा निबंध तिने गाइडमधून उतरवून आणला. त्यात एकही चूक नव्हती, आणि मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. तिच्या त्या बेडकाच्या वाक्यासारखे वाक्य मला आजवर लिहिता आलेले नाही.

मी कठोर होते असे माझ्या तेव्हाच्या सहकाऱ्यांपैकी कोणी म्हणणार नाही. आम्ही सगळेच असे होतो, आणि त्याला कारण होते. १९४६ साली याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर आयोग झाला, मोर्चे झाले, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात इथल्या मराठी माणसाला आपण मराठी आहोत हे सतत सिद्ध करावे लागले आहे. अशा वेळी मुलाच्या तोंडून "केलो" आले की शिक्षकाच्या काळजात धस्स होते, कारण तो शब्द समोरच्या बाजूचा पुरावा वाटतो. बघा, यांची मराठी म्हणजे अर्धी कन्नडच, असे कोणी म्हणू नये म्हणून आम्ही पुण्याच्या मुलांपेक्षा आमच्या मुलांची मराठी स्वच्छ ठेवली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. वडिलांनी मलाही असेच दुरुस्त केले होते. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मी "मी जातो शाळेला" म्हणत होते, आणि नंतर कधी म्हणाले नाही. त्या काळजीचे मोल मला कळते. पण भाषेवरच्या हक्कासाठी आम्ही ज्यांच्या नावाने भांडलो, त्यांचीच भाषा आम्ही वहीतून खोडत आलो, हेही मला आता सोडून देता येत नाही.

दुरुस्तीचे काम मात्र वाटले तितके सरळ झाले नाही. सगळीकडे परत "केलो" केले की झाले, असे पहिल्या दिवशी वाटले होते. तसे करून पाहिले तेव्हा पान बोलीच्या नमुन्यासारखे दिसू लागले, जणू मी आत्याला गॅदरिंगमध्ये उभी केली आहे. कारण मी "नाही"चे "न्हाई", "पाणी"चे "पानी", "आणि"चे "आन्" असे प्रत्येक शब्दाचे ध्वनी लिहायला गेले होते. शिक्षित पात्रेही बोलताना "आणि"चा उच्चार पुरता करत नाहीत, पण त्यांच्या तोंडचे शब्द आपण कधी मोडून लिहीत नाही. मग फक्त आत्याचेच का मोडायचे? म्हणून मी ठरवले की उच्चार बहुतेक जागी वाचकावर सोडायचे आणि वाक्याची घडण तिची ठेवायची. "केलो", "बघितलो", "उठलो" राहतील. "साकु" राहील, कारण ताटात वाढताना पुरे म्हणायला आत्या दुसरा शब्द वापरत नसे. "परंतु" जाईल, आत्याच्या तोंडी "परंतु" घालताना माझा हात कसा थांबला नाही याचे मला आजही नवल वाटते. त्याउलट "न्हाई" पहिल्या वाक्यात एकदाच ठेवला, वाचकाच्या कानाला सूर लागावा म्हणून.

मग कात्रणे काढली. हे जास्त जड गेले. महामार्ग अडला तेव्हा आत्याला काय ठाऊक होते, एवढाच प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारत गेले. तिला पुढाऱ्यांची भाषणे ठाऊक नव्हती. विडीचे पान आमच्या भागात होत नाही, ते लांबून ट्रकने येते. ट्रक येईनात, म्हणून मुकादम पाने देईना, म्हणून तिचे सूप रिकामे राहिले, हे तिला ठाऊक होते. रात्री रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज थांबल्यामुळे तिला झोप लागेना, हे ठाऊक होते. रस्त्यावर बसलेल्यांत तिचा चुलत दीर होता. त्याला भाकरी पोचवायला जाताना दुरून पेटलेल्या चुली दिसल्या आणि जत्रा भरल्यासारखे वाटले, हेही. गोळीबार तिने पाहिला नाही. तो पुढे कोणीतरी तिला सांगितला, आणि सांगणाऱ्याच्या चपला पायांत नव्हत्या, हे तिने पाहिले. कादंबरीत मी आता तेवढेच ठेवले आहे. एकतीस पानांची सोळा झाली.

प्रकाशकांकडच्या वाचकांना मी सविस्तर पत्र लिहिले. ही चूक नसून पात्राची भाषा आहे आणि ती तशीच छापावी, मुद्रितशोधनातही कोणी ती सुधारू नये, अशी विनंती केली, आणि पहिली चार पाने सोबत जोडली. त्यांचे उत्तर आले. पहिल्या दीड पानापर्यंत अडखळायला होते, पुढे होत नाही, असे त्यांनी कळवले आणि पाने मान्य केली. अडखळतील ते वाचक अडखळोत. दीड पान हे काही फार मोठे अंतर नव्हे.

संक्रांतीनंतर मी पुन्हा निपाणीला गेले, या वेळी कागद घेऊन. वहिनींना म्हटले, आत्यावर लिहिले आहे, वाचून दाखवते. त्यांनी हो म्हटले, पण हातातले काम थांबवले नाही. मी वाचत गेले आणि त्या वळत गेल्या. सहाव्या पानावर, ट्रकांचा आवाज थांबतो त्या रात्रीच्या प्रसंगात, त्यांचा हात दोऱ्याच्या पहिल्या वेढ्यावर थांबला.

"थांबा वन्सं. ते काय वाचलासा? परत वाचा."

मी परत वाचले. "मग मी उठले आणि दार उघडून बघितलो."

"उठले कसं म्हणतील सासूबाई? उठलो की."

इतक्या वेळा तपासूनही ते एक "उठले" माझ्या नजरेतून सुटले होते. पेन मी घरी विसरले होते. वहिनींच्या नातवाच्या दप्तरातून शिसपेन्सिल मागून घेतली आणि "ले" खोडून वर "लो" लिहिले. वहिनींनी दुसरा वेढा दिला, दोरा तोडला, विडी सुपाच्या कडेला ठेवली आणि पुढचे पान उचलले.